सागराला वाहिलेला पैसा

नाकाडोंगरीच्या देवकाबाईंनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. समुद्रच त्यांच्या घरी येऊन राहिला होता. पुढच्या खोलीत, खिडकीखाली, काचेच्या पेटीत.

आणला होता त्यांच्या मुलाने, हिरालालने. तो मॅंगनीजच्या कंपनीत कारकून. खाणीतला माल आगगाडीने विशाखापट्टणमच्या बंदरावर जायचा आणि तो जहाजात चढेपर्यंत वजनमापाला हिरालाल तिथे बसायचा. येताना लोक काजू आणतात, हा खाऱ्या पाण्याचे कॅन आणायचा. एका खेपेला त्या पाण्यात बुडवून त्याने नारळाच्या वाटीएवढा एक दगड आणला. दगडावर पन्नास-साठ मऊ बोंडं चिकटलेली. खिडकीतून ऊन आलं की एकेक बोंड उघडायचं आणि घोळीच्या भाजीच्या फुलाएवढं हिरवं-पिवळं फूल व्हायचं.

"आई, हे फूल नाही जी, जनावर हाये. पोवळ्याच्या कुळातलं," असं सून चंद्रकलेने सांगितलं तेव्हा देवकाबाई म्हणाल्या, "पोवळं? अंगठीतलं?"

"त्याच्याच भाऊबंदांतलं समजा. पण हे मऊ हाये."

चंद्रकला गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. वर्षभर तिने ते पोवळं जगवलं, आणि तेही खाणीच्या गावात, जिथे चुलीवरच्या दुधातसुद्धा काळी धूळ पडते. पेटीला हवा देणारी मोटर बंद पडली तर ती सायकलच्या पंपाने हवा मारायची. शनिवारी शाळेची पोरं रांगेने घरी यायची, गुडघ्यावर बसून बघायची, आणि देवकाबाई प्रत्येकाच्या हातावर मुरमुरे ठेवायच्या. पोरं विचारायची, "आजी, समुद्र एवढाच असते का?" देवकाबाई म्हणायच्या, "याच्याहून मोठा असते म्हणते बापा, पण मी नाही पाहिला."

सन चौऱ्याऐंशीच्या माघात गावात सप्ताह बसला. देवकाबाईंना कीर्तन म्हणजे पोटभर जेवण. दुसऱ्या दिवशी महाराजांनी सागराचा दृष्टांत लावून धरला. नदी डोंगरातून कशी आरडत निघते, वाटेत कुणाचा बांध फोडते, कुणाचं शेत भिजवते, आणि सागरापाशी आली की कशी स्वतःचं नावगाव विसरून गप्प होते! मृदंगाने उचल खाल्ली, टाळ धावले, आणि महाराज हात उंच करून म्हणाले, "म्हणून सांगतो मायबाप, सागरापाशी जे वाहिलं ते साऱ्या नद्यांना पोचलं!"

देवकाबाईंच्या डोळ्यांना धार लागली. सागरापाशी जायला कुणाला जमतं? त्यांचा तर घरातच होता. आणि वर्षभर आपण त्याला काही वाहिलं नाही!

घरी आल्या तेव्हा चंद्रकला शाळेत होती. वैनगंगेच्या पुलावर गाडी आली की खिडकीतून पैसा टाकायचा, हा त्यांचा लहानपणापासूनचा नेम. पण चालू नाणी ॲल्युमिनियमची, फुंकर मारली तर उडतील अशी. ती सागराला कशी द्यावी? त्यांनी ट्रंकेतली सासूबाईंची पुरचुंडी सोडली. त्यात जुने तांब्याचे ढब्बू पैसे होते. एक चिंचेने घासून लखलखीत केला, कपाळाला लावला आणि पेटीत सोडला. वाळूत बोटाने दाबून टाकला, सुनेला अडगळ नको म्हणून.

चौथ्या दिवशी पोवळ्याची फुलं अर्धीच उघडली. सहाव्या दिवशी उघडलीच नाहीत.

चंद्रकलेने आधी पाणी पाहिलं, मग मोटर, मग ऊन. पेटीतला एकुलता मासा मजेत फिरत होता, म्हणजे पाणी बिघडलं म्हणावं तर तेही नाही. तिने विशाखापट्टणमच्या मत्स्यखात्यातल्या, हिरालालच्या ओळखीच्या साहेबांना पत्र टाकलं. हिरालाल स्वतः तेव्हा बंदरावर होता, पंधरा दिवसांनी येणार होता.

इकडे देवकाबाईंनी आपल्यापुरता विचार केला. सागर कोपला असेल. वर्षभराची पूजा एका पैशात उरकली, म्हणून कोपला असेल. त्यांनी दुसरा पैसा वाहिला. बोंडं आणखी आवळली. मग तिसरा. तो हातातून निसटला आणि दगडाच्या आडोशाला कुठेतरी गेला.

शनिवारी पोरं आली आणि चंद्रकलेने त्यांना दारातूनच परत पाठवलं. त्याच दिवशी दुपारी पत्र आलं. तिने ते मोठ्याने वाचलं. देवकाबाई खाली बसून लसूण सोलत होत्या.

"साहेब लिहिते का, सर्वांत आधी तांबं-पितळ पाहा. भांडं, तार, तोटी, काही पण. माणसाले तांब्याचं पाणी चांगलं, पण समुद्राच्या पाण्यात तांबं झिजते आणि पोवळ्याले थे विष होते. मासा तग धरते, पोवळं नाही धरत. तांबं असन तर आधी काढा, मंग सारं पाणी बदला."

देवकाबाईंच्या बोटांतली पाकळी खाली पडली.

चंद्रकलेने घर उलथंपालथं केलं. मोटरची क्लिप काढून पाहिली, बादलीची कडी पाहिली. मग एकदम कपाळावर हात मारून मटकन बसली.

"आई, माझ्याच हातानं झालं! मागच्या महिन्यात काच पुसाले मी तांब्याच्या लोट्यानं पाणी काढलं होतं. एकदाच काढलं जी, घाईत होती. मीच मारलं याले. मी पोरायले विज्ञान शिकवते म्हणते आणि घरात अशी अक्कल!"

आता बोलायचं. आता नाही तर कधी? देवकाबाईंच्या ओठापर्यंत शब्द आला. पण जी जीभ कीर्तनात सगळ्यांच्या आधी गजर उचलायची, ती टाळूला चिकटून बसली. त्यांनी खाली पाहिलं आणि लसूण सोलत राहिल्या.

त्यांनी मनाशी एक पळवाट काढली. पैसे गुपचूप काढून घ्यायचे. विष गेलं की झालं. कुणाच्या हातचं होतं याच्याशी पोवळ्याला काय करायचं?

रविवारी सकाळी चंद्रकला धुणं घेऊन हातपंपावर गेली. देवकाबाईंनी पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात पेटीत घातला. पहिला पैसा लगेच सापडला. चिंचेने घासलेला तो लखलखीत पैसा हिरवा, बुळबुळीत झाला होता. दुसराही सापडला. तिसरा सापडेना. वाळू चाळली, पाणी गढूळ झालं, मासा घाबरून कोपऱ्यात गेला. दगडाला हात लावायची छाती होईना. एक बोंड त्यांच्या बोटाला लागलं आणि सडक्या द्राक्षासारखं दबलं.

बाहेर बादली टेकल्याचा आवाज आला. त्यांनी हात काढला, पुसला, दोन पैसे मुठीत आवळले.

"गढूळ काहून झालं हे?" चंद्रकलेने विचारलं.

"मासा... मासा नाचला असन."

चंद्रकलेने धुण्याची बादली बाजूला सारली. तिने खाटेखालून खाऱ्या पाण्याचा कॅन ओढला. घरात असे दोनच कॅन होते, वीस-वीस लिटरचे. हिरालाल येईपर्यंत एवढाच समुद्र. तिने निम्म्याहून जास्त जुनं पाणी नळीने बाहेर काढलं, कॅन स्टुलावर चढवला, नळीचं एक टोक कॅनमध्ये, दुसरं पेटीवर.

देवकाबाई भिंतीला टेकून उभ्या. चांगलं पाणी आत जाईल. तिसरा पैसा आतच आहे. आठ दिवसांत हेही पाणी विष होईल, आणि मग घरात थेंब नाही. आणि ही पोरगी मरेपर्यंत त्या लोट्याला दोष देईल.

चंद्रकलेने नळी तोंडाला लावून पाणी ओढलं. नळीतून खारं पाणी चढू लागलं.

"थांब वो!"

देवकाबाई एवढ्या जोरात ओरडल्या की चंद्रकलेने दचकून नळी चिमटीत दाबली.

"लोट्यानं नाही झालं. माझ्यानं झालं." त्यांनी मूठ उघडली.

चंद्रकला त्या हिरव्या पैशांकडे बघत राहिली. "हे कुठचे?"

"सागराले वाहिले होते. तीन. दोन काढले, एक नाही सापडत."

"तीन!"

"पहिल्यानं मिटलं म्हणून दुसरा वाहिला. मंग तिसरा."

"काल पत्र वाचलं तवा तुमाले समजलं होतं?"

"हो."

"काल मी सोताले शिव्या देऊन राहिली होती, आणि तुमी लसूण सोलत होत्या!"

"हो," देवकाबाई म्हणाल्या.

चंद्रकलेचा चेहरा लाल झाला. पण चिमटीत नळी होती आणि पेटीत पोवळं. ती एवढंच म्हणाली, "थे प्लास्टिकचं टब आणा. स्टीलचं नाही, पितळेचं तर बिलकूलच नाही."

मग त्या दोघी कामाला भिडल्या. टबात कॅनमधलं थोडं पाणी घेतलं, मासा त्यात सोडला. चंद्रकलेने दगड दोन्ही हातांनी उचलला, उलटा केला. पोटाच्या खोबणीत तिसरा पैसा चिकटून बसला होता, भोवती हिरवा ओघळ. देवकाबाईंनी लाकडी काडीने तो काढला. जुनं पाणी फेकलं, वाळू सगळी परसात नेऊन टाकली, काच धुतली, मग नवं पाणी सोडलं. चाळीस लिटरमध्ये पेटी भरली नाही. दगडाच्या वर चार बोटं पाणी आलं. तेवढ्यावरच भागवायचं होतं.

त्या रात्री चंद्रकलेने सासूला जेवायला वाढलं. बोलली मात्र नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. रोज सकाळी काही बोंडं पांढरी पडून गळायची. चंद्रकला चिमट्याने ती वेचून काढायची, सड पसरू नये म्हणून. पन्नासाची तीस झाली, तिसाची चौदा. कामापुरते शब्द व्हायचे: मीठ द्या, दार लावा, मोटर पाहा. शाळेच्या वेळात देवकाबाई पेटीपाशी बसायच्या. वीज गेली की पंप मारायच्या. दंड भरून यायचे.

पाचव्या दिवशी शेजारची शकुनबाई आली. "देवकाबाई, आपल्या महाराजाचं आंधळगावले कीर्तन हाये. जीप सांगितली. चला."

"नाही येत."

"तुमी? कीर्तनाले नाही? काहून, बिमार हा का?"

"माह्यावाला एक जीव अटकला हाये तिथी." त्यांनी पेटीकडे बोट केलं.

"अगं बाई, दगडासाठी कीर्तन सोडून राहिल्या?"

"दगड नाही, पोवळं हाये. मी त्याले विष घातलं, शकुनबाई. भक्तीनं घातलं, पण विषच घातलं. आता मरते का जगते थे पाहिल्याबिगर मी कोणत्या तोंडानं गजर करू सांग?"

चंद्रकला दारातच उभी होती, शाळेची पिशवी खांद्याला. तिने ऐकलं. आत जाऊन चहा ठेवला. त्या दिवशी तिने सासूचा कप हातात आणून दिला.

आठव्या दिवशी सकाळी देवकाबाई अंगण झाडत होत्या.

"आई! लवकर या!"

आठ दिवसांत आज पहिल्यांदा 'आई' ऐकलं. झाडू टाकून त्या आत धावल्या. खिडकीतून तिरपं ऊन पेटीवर आलं होतं. दगडाच्या कडेला चौदांपैकी एक बोंड सैल झालं होतं, आणि त्याच्या तोंडाशी केसासारखी हिरवी झालर हलत होती.

देवकाबाईंनी दोन्ही हात जोडून वर नेले. जोडलेल्या हातांची सावली पेटीवर पडली. झालर झटकन आत गेली.

"हात खाली, आई! सावलीनं मिटते थे!"

देवकाबाईंनी हात ओढले आणि भुईवर बसून मांड्यांखाली दाबून धरले. श्वासही हळू घेऊ लागल्या. दोघी खाली बसून बघत राहिल्या. ऊन बोटभर पुढे सरकलं. झालर पुन्हा बाहेर आली. मग शेजारचं बोंड थरथरलं.

"दोन," देवकाबाई कुजबुजल्या. "बाकीचे?"

"बाकीचे नाही सांगता येत जी. काही जातीन आणखी." चंद्रकलेने सासूच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बोलू नका आता. उघडू द्या."