माझ्यावर शिक्का बसला नाही

मित्रांनो, मी एक जुनं प्रमाणपत्र आहे. तसं मला छापून सहाच वर्षं झाली, पण घरी बसावं लागलं की वय लवकर वाढतं. दामिनी ही नोंदणीकृत परिचारिका आहे, असं माझ्यावर लिहिलेलं आहे. तेवढ्या एका ओळीवर अकोल्याच्या दवाखान्यात तिला नोकरी मिळाली आणि पेशंट तिला सिस्टर म्हणू लागले.

टपालानं मी प्रथम वलगावला, दामिनीच्या माहेरी आलो. दामिनीचे वडील जानराव भाजी पिकवतात आणि अमरावतीच्या बाजारात विकतात. मला घ्यायच्या आधी त्यांनी हात धुतले, पुसले, तरी माझ्या कोपऱ्याला मेथीचं पाणी लागलंच. ते घाबरले. त्याच दिवशी अमरावतीला नेऊन त्यांनी माझं लॅमिनेशन करून आणलं. "आता पाण्यात पडलं तरी काई होत नाई," असं भेटेल त्याला सांगत. मी चकाकत होतो. माझी थोरली बहीण, म्हणजे दामिनीची गुणपत्रिका, साध्या पिशवीत पेटीच्या तळाशी चुरगळत होती. मला तिची कीव यायची. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटायचं.

मग जर्मनीतल्या एका रुग्णालयानं दामिनीला बोलावलं. तिथं परिचारिका म्हणून तिची नोंद झाली, तर दोन वर्षांच्या आकांक्षाला सोबत नेता येणार होतं. नोंद अडली, तर मदतनीस म्हणून एकटीनंच जायचं. त्या नोंदीसाठी आम्हा कागदांच्या पाठीवर सरकारी शिक्का हवा होता.

सरकारी कार्यालयात खिडकीमागच्या बाईंनी माझ्या बहिणीला उलटी केली आणि ठप्पकन शिक्का मारला. मला मात्र नखानं टोकरून पाहिलं.

"प्लास्टिकवर शाई बसत नाही मॅडम. हे चालणार नाही."

त्या चुरगळलेलीच्या पाठीवर गोल जांभळा शिक्का, आणि मी कोरा! परतीच्या एसटीत आम्ही एकाच फायलीत होतो. मी तिच्याशी बोललो नाही.

घरी दामिनीच्या नवऱ्यानं, गजेंद्रनं, इस्त्री गरम करून माझं प्लास्टिक सोडवायला घेतलं. प्लास्टिकबरोबर माझा कागदही निघू लागला. दामिनीनं त्याचा हात धरला. "राहू द्या. आहे तेही जाईल."

जानराव आलेलेच होते. खाली मान घालून म्हणाले, "मी तं जपाले केलं होतं वं. मले काय मालूम, जपलं तं अडते मनून."

"बाबा, तुमाले कोण बोलून राहिलं? तुमी जेवा पयले."

"मंग पोरीले ठेवून जाशीन?"

 दामिनीनं झोपलेल्या आकांक्षाच्या कपाळावर हात ठेवून पाहिला. ताप नव्हता, तरी पुन्हा पाहिला.

उपाय एकच होता, माझी दुय्यम प्रत मागवणं. ती आली. कपाळावरच 'दुय्यम' लिहिलेलं, बाकी तेच नाव आणि तीच ओळ. दामिनीची पहिली रात्रपाळी तिला ठाऊक नाही, की वलगावचा रस्ता. तरी सगळे तिला दोन्ही हातांनी धरत होते. तिचा शिक्का फिसकटावा, असं मी मनात म्हणत राहिलो. तो सुरेख बसला.

जर्मनीहून मंजुरी आली आणि आकांक्षाचंही तिकीट निघालं.

निघायच्या दिवशी जानरावांनी नातीला स्वेटर घातला, वर कानटोपी, वर मफलर. पोर लाल होऊन रडू लागली.

"बाबा, हे काय करून राहिले?"

"तिकडं थंडी असते मने."

"तिकडं असते. इथं मे महिना आहे. तिचा जीव मोकळा होऊ द्या जरा."

जानराव तिच्याकडे पाहत राहिले. मग हसले, आणि एकेक कपडा स्वतःच उतरवू लागले. आकांक्षानं रडणं थांबवून त्यांचे कान धरले.

धाकटी, म्हणजे ती दुय्यम प्रत, फायलीत बसून विमानानं गेली. मी इथं पेटीत आहे आणि तिचा हेवा अजून करतो. मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचं प्रमाणपत्र आलं, तर ते साध्या पिशवीत ठेवा. त्याला पुढं कुठं जावं लागेल, हे त्या दिवशी कुणालाच माहीत नसतं.