पुलाची जागा

नदीचं पात्र तिथे चांगलंच रुंद होतं. अलीकडे जमीन तपासणारी इंजिनिअर, पलीकडे भावाच्या घरी तिची आई. होडी बंद पडलेली. रस्त्याने वळसा घालायचा तर अख्खा दिवस मोडायचा. इथे पूल होणार म्हटल्यावर तपासणीचं काम तिने हट्टाने मागून घेतलं होतं.

बोअर घ्यायचं, तळाशी पोकळ नळी टेकवायची आणि वरून हातोडा सोडत राहायचा. जितके जास्त ठोके लागतील, तितकी जमीन घट्ट.

दुपारी आईचा फोन आला.

"खिडकीतच बसलेय. पिवळ्या टोपीतली तूच ना?"

"सगळ्यांच्याच टोप्या पिवळ्या आहेत, आई."

"मग हात हलव बघू."

तिने हात हलवला. बोअरच्या मशीनवरच्या मिस्त्रीला वाटलं, थांबायला सांगतायत. त्याने मशीनच बंद केलं. आई खो खो हसली. "दिसलीस गं! किती वाळलीयेस!"

एवढ्या लांबून काय दिसणार? तरी तिने पुन्हा एकदा हात हलवला. "पूल झाला की संध्याकाळी तुझ्याकडेच येत जाईन," ती म्हणाली.

मशीन पुन्हा सुरू झालं. पण हातोडा सोडायच्या आधीच नळी आपल्याच वजनाने खाली सरकली. बोअर आणखी खोल नेलं, शेजारी दुसरं घेतलं. तिथेही नुसता गाळ.

"मॅडम, इथे काही खरं नाही," मिस्त्री म्हणाला.

तिला ते दिसतच होतं. तिने तसं साहेबांना कळवलं आणि मग आईला फोन लावला.

"इथे पूल नाही होणार. वर, वळणापलीकडे जागा बघायला सांगितलीय."

आईने विचारलं, "तिथून आमचं घर दिसतं?"

"नाही."

"बरं. लोकांच्या पायाखाली भक्कम असू दे म्हणजे झालं." मग हळूच म्हणाली, "आज मात्र लगेच निघू नकोस हं."

मशीन ट्रकवर चढलं, माणसं गेली, तरी ती अंधार पडेपर्यंत काठावर बसून राहिली.

काही दिवसांनी वळणापलीकडे बोअर घेतलं, तेव्हा फारसं खोल न जाताच खडक लागला. अखंड, काळाभोर. मिस्त्रीने खूश होऊन त्याचा ओला तुकडा तिच्या हातात ठेवला. "पूल इथेच!" तो म्हणाला. तिने मान डोलावली. समोरच्या काठावर नुसती झाडं होती, आणि ती कितीतरी वेळ त्यांच्याकडेच बघत होती.