कोणती गाडी घ्यायची

मला गाड्यांचं वेड आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल आणि माझी कीव करायचा मोह कोणाला होणार नाही.

आमचं गाव दारव्ह्यापासून चौदा किलोमीटर आत. कापूस, सोयाबीन, तूर. घरात वडील पुंडलिकराव, बायको सुरभी, नऊ वर्षांची लेक अर्पिता आणि मी, नयन. आई चार वर्षांपूर्वी गेली. अर्पिताला सिकलसेल आहे, रक्ताचा आजार. थंडी लागली, पाणी कमी पडलं, ताप आला की तिच्या हातापायांत दुखणं उठतं. ते उठलं की घरातला माणूस घरात थांबू शकत नाही, इतकी ती ओरडते. मागच्या पौषात मी तिला दुलईत गुंडाळून, माझ्या नि सुरभीच्या मधे धरून मोटरसायकलवर यवतमाळला नेलं. पोहोचेस्तोवर पोरीचे ओठ काळेनिळे पडले होते. डॉक्टरबाईंनी मला सगळ्या वॉर्डसमोर झापलं.

"पुन्हा बाइकवर आणायचं नाही. आणि एक लक्षात ठेवा. या आजारात कधीकधी मेंदूचा रक्तपुरवठा अडतो. तोंड वाकडं झालं, हात उचलेना झाला, की मालीश करत बसू नका. उचलायचं आणि यायचं. एकेक मिनिट मोलाचं असतं."

त्याच रात्री घरात ठरलं, चारचाकी घ्यायची. पैशाची अडचण नव्हती, हे मुद्दाम सांगतो, कारण लोकांना आधी तेच सुचतं. अडचण मी होतो.

आठ महिने मी गाडी निवडत होतो. मोबाइलवर व्हिडिओ बघायचो, शोरूमला चकरा मारायचो, भेटेल त्याच्या गाडीत बसून दारं आपटून बघायचो. पसंत एकच गाडी होती. तिचं नाव सांगत नाही, कारण गाडीचा काही दोष नव्हता. पहिल्या पिढीची चौकोनी, पेटीसारखी. दुसऱ्या पिढीत तिचे नाकडोळे बदलले. तिसरी पिढी यायची होती. मोठा स्क्रीन, छताला काच, मधल्या रांगेत दोन वेगळ्या ऐटदार खुर्च्या. फाल्गुनात दुसऱ्या पिढीची गाडी दारात येऊ शकत होती. मी म्हटलं, सहा महिन्यांत नवी येतेय, जुनाट कशाला घ्यायची? सुरभी म्हणाली, "दुखनं थांबनार हाय का सहा महिने?" मी तिला मायलेज समजावून सांगितलं.

अर्पिताला माझा हा उद्योग फार आवडायचा. तिनं एका वहीत पट्ट्यानं रेघा मारून रकाने पाडले होते. वर तीन नावं : जुनी, मधली, नवी. बाजूला तिचे प्रश्न. ती डावरी. आबाजींनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रागावून रागावून तिला जेवायला उजवा हात शिकवला, पण लिहायला काही शिकवू शकले नाहीत. डाव्या हातानं ती असं गोल, देखणं अक्षर काढायची की बाईंनी ते शाळेच्या फळ्यावर लिहायला लावलं होतं. तिचे प्रश्न बघा. मागे गरम हवा येते का. पाणी ठेवायला जागा आहे का. झोपता येते का. कधी मिळते. आणि सगळ्यात खाली : कोणती घ्यायची. हा शेवटचा रकाना तिनं कोरा ठेवला होता.

"हा तुमी भरा, बाबा."

"भरतो. नवी येऊ दे, मंग भरतो."

श्रावणात दारव्ह्याच्या एका रिटायर मास्तरांनी त्यांची गाडी विकायला काढली. पहिल्या पिढीची, एका हाती वापरलेली. सुरभीनं पिच्छाच पुरवला म्हणून बघायला गेलो. सोबत किसनसिंगला घेतलं. नाल्यापलीकडच्या तांड्यावरचा तो बंजारा शेतकरी. आधी अकरा वर्षं वणीला कोळशाचे ट्रक चालवलेला. त्याला इंजिन कानानं कळतं. त्यानं गाडी चालू केली, बॉनेटवर हात ठेवला, डोळे मिटून उभा राहिला.

"नयनभाऊ, एकदम कडक हाय. डोळे झाकून घ्या."

तोवर अर्पिता आत चढली होती. मधली सीट सलग, लांब, जुन्या पद्धतीची. ती तिच्यावर आडवी झाली आणि पाय ताणले.

"बाबा, पाय पुरते!"

"गाडीत झोपाचं असते का, बेटा? बसाचं असते," मी म्हटलं. "अन् ही आबाजीच्या जमान्यातली हाय."

मास्तरांना नको म्हणून आलो. परतताना किसनसिंगनं विचारलं, "तुमी नाई घेत तं मी घेऊ का? राग नाई न?" दुसऱ्या दिवशी गाडी तांड्यावर होती. पुढच्या बाजाराला मी चहाच्या टपरीवर चार लोकांत त्याला म्हटलं, "किसनसिंग, गाडी घेतली का समाधी बांधाले दगड आनला?" सगळे हसले. किसनसिंगही हसला, पण चहा अर्धा ठेवून उठला. ते मी पाहिलं होतं, आणि माझी जीभ जरा जास्तच चालली हेही मला कळलं होतं.

मी आधीच नोंदवून ठेवलेली नवी गाडी भाद्रपदात आली. पितृपक्षाच्या दुसऱ्याच दिवशी शोरूमच्या बादलचा फोन. "भाऊ, तुमची गाडी लागली. या घेऊन जा." अर्पिता उड्या मारायला लागली. वडिलांनी पंचांगाकडे बोट दाखवलं.

"पितर चालू हायेत. नवी वस्तू घरात आनत नसतात. दसऱ्याले आनू."

सुरभी पदर सावरत म्हणाली, "मामाजी, ती मास्तराची जुनी चालली असती का पितरात?"

"जुनीले कोन नाई म्हनते? ती नवी थोडीच होती."

सुरभीनं माझ्याकडे पाहिलं. "तुमी बोला न."

मी बोललो नाही. आता खरं सांगतो. वडील सांगून ऐकले असते. आईच्या माघारी ते माझा शब्द मोडत नाहीत. पण मलाच दसरा हवा होता. झेंडूची माळ, बॉनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, गावातून एक चक्कर, अख्खं गाव ओट्यावर. पितरांच्या आडून माझी हौस मी झाकून घेतली, आणि गाडी यवतमाळच्या शोरूममध्ये उभी राहिली.

अविधवा नवमी आली. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचं श्राद्ध त्या दिवशी असतं, म्हणजे आमच्या आईचं. दुपारी बाराला खीर, वडे, कढी असं पान वाढून वडील कावळ्यासाठी छपराच्या टिनावर ठेवायला निघाले. अर्पिता मागे खिरीची वाटी घेऊन. वाटी पडली.

"सांडलं का? उजव्या हातानं धर न," वडील म्हणाले.

तिनं वाकून वाटी उचलली. पुन्हा पडली. तिला त्याचं हसू आलं, माझ्याकडे बघून ती हसली, आणि तिचं अर्धंच तोंड हसलं.

डॉक्टरबाईंचा शब्दन् शब्द मला आठवला. मालीश केली नाही, हेच काय ते. अॅम्ब्युलन्सला फोन लावला. गाडी दुसरा पेशंट घेऊन गेलेली, यायला दीड तास. दारव्ह्याचा बाजार होता, गावातल्या तिन्ही जीपा सवाऱ्या भरून सकाळीच गेल्या होत्या. सरपंचाची गाडी नागपूरला. मी मोटरसायकल काढली, सुरभीनं पोरीला मधे बसवलं. ती डाव्या अंगाला घसरत होती, पोत्यासारखी. उतरवली.

बादलला फोन केला. तो बिचारा गडबडला. "भाऊ, गाडी तयारच हाय, धुऊनपुसून ठेवली हाय. आत्ता निघतो. पन तुमच्यापाशी पोचाले दीड तास लागनच."

आमच्या अंगणातून तांडा दिसतो. नाल्याच्या पलीकडे, निंबाखाली, ती चौकोनी गाडी उभी दिसत होती. सुरभी म्हणाली, "किसनभाऊले लावा."

"लावतो," मी म्हटलं, आणि दिग्रसच्या साडूला लावला. मग लाडखेडच्या मित्राला. मग पुन्हा अॅम्ब्युलन्सला. सगळ्यांना लावला, त्याला सोडून. कोणत्या तोंडानं लावू? टपरीवरचा तो अर्धा चहा माझ्या डोळ्यांसमोर होता. माझी पोरगी ओट्यावर पडली होती, डावा पाय हलत नव्हता, आणि मी माझी लाज सांभाळत होतो. यापेक्षा हलका माणूस मी अजून पाहिलेला नाही.

"तुमी काय करून राह्यले?" सुरभी किंचाळली. तिनं माझ्या हातातला फोन घेतला नाही. ती अनवाणी पळाली, सोयाबीनमधून, नाल्याच्या पाण्यातून. दहा मिनिटांत गाडी दारात. किसनसिंग उष्ट्या हातानंच बसला होता, बोटांना भाकर लागलेली. त्यानं मला एक शब्द विचारला नाही.

"मांगं झोपवा तिले. सरळ."

तिला त्या सलग सीटवर झोपवलं, डोकं सुरभीच्या मांडीवर. पाय पुरले. निघताना मागे पाहिलं तर वडील अंगणात तसेच उभे होते, हातात पान, तोंड वर टिनाकडे. "विमल," ते आईला मोठ्यानं म्हणत होते, "पोरीले नेऊ नको वं. मले ने."

किसनसिंगनं गाडी अशी नेली की खड्डा येण्याआधी त्याला खड्डा माहीत होता. मधेमधे आरशात बघून तो अर्पिताशी बोलत राहिला. तांड्यावर लहान पोरींना लाडानं याडी म्हणतात, म्हणजे आई. "झोपू नको, याडी. माह्याशी बोल. तुह्या वहीत या गाडीले किती मार्क देल्ले?" ती काहीतरी बोलली. कोणालाच कळलं नाही. मला रडू फुटलं तर तो म्हणाला, "भाऊ, रडाचं असंन तं तोंड खिडकीकडं करा. पोरगी पाहून राह्यली."

हॉस्पिटलात त्याच डॉक्टरबाई होत्या. "कधी सुरू झालं?"

"बाराले," सुरभी म्हणाली.

"आणि निघालात कधी?"

"एक वाजाले आला होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागदावर लिहिलं आणि आत गेल्या. झापलं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवशी तिचं रक्त बदललं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. पोरगी वाचली. तोंड बरंच सरळ झालं, बोलणं आलं, पाय ओढत का होईना टाकायला लागली. डावा हात आला नाही. सुट्टी मिळाली त्या दिवशी मी बाईंना जिन्यात गाठलं.

"बाई, पाऊण तास आधी आलो असतो तर?"

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. हो म्हणाल्या असत्या तर मी मेलो असतो, नाही म्हणाल्या असत्या तर सुटलो असतो. यातलं काहीच झालं नाही.

दसऱ्याला गाडी आणली. माळ वडिलांनीच घातली. लोक गाडी बघायला आले नाहीत, आले ते अर्पिताला बघायला. ती म्हणाली, मला आत बसवा. मधल्या रांगेतल्या त्या ऐटदार खुर्चीत मी तिला बसवलं. ती हळूच डावीकडे कलली. मी पट्टा लावला, उशी खोचली. स्क्रीन, छताची काच सगळं तिनं नीट पाहिलं. मग म्हणाली, "माही वही आना."

सुरभीनं वही आणली. अर्पितानं ती मांडीवर उघडली, पेन्सिल उजव्या मुठीत धरली आणि खाली मान घालून लिहायला लागली. तीन वर्षांचं पोर गिरवतं तसं. मी दाराशी उभा होतो. बराच वेळ लागला. मग तिनं वही माझ्यापुढे केली. शेवटचा रकाना, कोणती घ्यायची, भरलेला होता. अक्षरं चढत उतरत रेघेबाहेर गेली होती, पण वाचता येत होती : किसनकाकाची.

"वाकडं आलं, बाबा," ती म्हणाली. "खोडून पुन्हा लिहू का?"

"नको, बेटा," मी म्हटलं. "बरोबर हाय."