नसलेल्या घोड्याची नाल

एड्रियन पेल दर गुरुवारी यायचा, आणि येताना मनुका घातलेला चरबीचा गोड पाव आणायचा. हेस्टर टॉलीला पाव आवडायचा. आणणारा आवडतो की नाही, हे मात्र तिचं वर्ष उलटलं तरी ठरलं नव्हतं.

तो स्वयंपाकघरात खिडकीशी बसायचा, डब्यातलं घट्ट दूध घातलेला चहा प्यायचा आणि मांजराच्या पावलांनी विचारायचा, "हेस्टरमावशी, चूल कुठल्या अंगाला होती म्हणालात?" कालव्यावरच्या माणसांत नातं नसलं तरी वडीलधाऱ्यांना मावशी-काका म्हणायची रीत. जमिनीवर जन्मलेल्या या माणसानं ती अचूक उचलली होती, आणि हेस्टरला तेच खटकायचं. इतकं अचूक कशाला?

गोष्ट होती 'हेअरबेल'ची. हेस्टरचे आईबाप त्या बोटीवर राहायचे आणि खाणीचा कोळसा दक्षिणेतल्या कागदगिरण्यांना पोचवायचे. इंजिनवाली बोट पुढे, दोरीला बांधलेली हेअरबेल मागे, आणि हेअरबेलच्या शेपटाला खोलीएवढी केबिन. त्यात चूल, पलंग, बाकडं, सगळा संसार. अशाच एका खेपेत, एका पुलाखाली हेस्टर जन्मली. दुसऱ्या दिवशी पूल मागे राहिला. लोकांना गाव असतं, गल्ली असते, घराचा नंबर असतो. हेस्टरला दाखवायला ती बोट तेवढी होती. आणि ती भंगारात गेली, असं सगळे सांगत आले होते.

मग एड्रियनला वाळूच्या एका जुन्या खाणीतल्या पाण्यात बुडालेली लोखंडी बोट सापडली. नाव नाही, पाटी नाही, लाकूड कुजलेलं. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांच्या ओळी आणि नाकाडाचा बाक बघून त्याला वाटत होतं, ही हेअरबेल. पण हेअरबेल बांधली त्या गोदीत एकाच साच्याच्या कितीतरी बहिणी जन्मल्या होत्या. जुन्या बोटींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची बाई तपासायला येणार होती, आणि नुसत्या लोखंडावरून तिचं समाधान होणार नव्हतं. हेअरबेलवर जन्मलेलं माणूस आता एकच उरलं होतं. ते 'हो' म्हणालं तर हो.

हेस्टरला 'हो' म्हणायचं होतं. छातीत दुखेल इतकं म्हणायचं होतं. म्हणूनच तिला भीती होती, की दुसऱ्याच कुणाच्या पाळण्याला आपण आपला म्हणून बसू.

ईस्टरच्या सुमारास ती एड्रियनच्या गोदीत, त्यानं वर काढून दुरुस्तीला घेतलेली ती बोट बघून आली आणि संशय पक्का झाला. केबिनीच्या दारावर रंगवलेले गुलाब आणि किल्ला. किल्ल्याचा एक बुरूज वाकडा, तिच्या आईला जो कधीच आवडला नाही तसाच. घडीच्या टेबलावर किटलीचा काळा गोल डाग, तिनं सांगितला होता तिथंच. तिच्या तोंडून निघालेला शब्द न् शब्द लाकूड होऊन समोर उभा होता.

"माझ्या बोलण्याची बोट केलीय त्यानं," ती घरी येऊन ऱ्होडाला म्हणाली. ऱ्होडा तिची शेजारीण, आणि वारलेल्या भावाची बायको. तीही बोटीवरचीच.

"मग त्याचा पाव कशाला खातेस?"

"पावानं काय घोडं मारलंय?"

"तू पण ना! संशयही घ्यायचा आणि मनुकाही वेचायच्या." ऱ्होडानं सुईत दोरा ओवला. "एक कर. एक खोटं सांग त्याला. धडधडीत. चोर असला तर तेही खरं करून दाखवील."

पुढच्या गुरुवारी हेस्टरनं कप खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाकड्यामागच्या फळीवर एक नाल ठोकलेली होती रे. आमच्या आजोबांच्या शेवटच्या घोड्याची."

एड्रियनचा पाव हातातच राहिला. "हे तुम्ही कधी बोलला नाहीत!"

"आज आठवलं. कॅप्टन नाव होतं घोड्याचं."

खोटं इतकं अलगद सुटलं, की तिचं तिलाच नवल वाटलं. तिनं पावाचा दुसरा तुकडा घेतला.

संध्याकाळी ऱ्होडा भिंतीपलीकडून ओरडली, "अगं, तुझ्या आजोबांकडे घोडा कुठला? खेचर होतं! आणि तेही चावरं!"

"म्हणूनच तर!" हेस्टर ओरडली.

तपासणीच्या दिवशी ती बाईंच्या आधीच गोदीत पोचली. केबिनीत बोटकरी उतरतात तशी ती उलटी उतरली. न बघता पाय पायरीवर पडला, हात आपोआप चुलीवरच्या पितळी दांडीला गेला. पण तिनं हातापायांची साक्ष धरली नाही. सगळ्या केबिनी सारख्याच. तिनं मान वळवली.

नाल तिथं होती. बाकड्यामागे, फळीच्या मधोमध. गंजलेली, झिजलेली, शंभर वर्षं तिथंच असल्यासारखी.

चोर सापडला होता आणि बोट गेली होती. दोन्ही एकाच खिळ्यावर.

"सापडली वाटतं नाल?" ती म्हणाली.

"बसलीय ना बरोबर?" एड्रियन दारातून वाकला. चेहरा सणासारखा फुललेला. "लोहाराला शोधत पार बॅनबरीपर्यंत गेलो होतो."

"आणि गंज?"

"मिठाच्या पाण्यात ठेवली. चकचकीत बरी दिसली नसती."

"म्हणजे खोटी."

"नवी," तो म्हणाला. "मावशी, इथलं सगळंच नवं आहे. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, केबिनीत मला भुशाशिवाय काही मिळालं नाही. लोखंड तेवढं जुनं. बाकी सगळं तुम्ही सांगाल तसं."

"तो टेबलावरचा डाग? तोही मी सांगितला तसा?"

एड्रियन लाजला. पन्नाशीचा बाप्या, कानापर्यंत लाल झाला. "तो माझ्याच किटलीनं पडला. नवंकोरं टेबल; मी स्वतःलाच शिव्या घातल्या. मग तुमचं बोलणं आठवलं. म्हटलं, राहू दे."

हेस्टर त्याच्याकडे बघत राहिली. जी इतक्या सहज खोटं बोलली होती, तिला कुणी इतक्या सहज खरं बोलेल हे पटेना.

"कशावरून?"

त्यानं नालेसकट फळीचे स्क्रू काढले, ती उलटी केली आणि तिच्या मांडीवर ठेवली. लाकडाच्या पाठीवर तापल्या लोखंडानं चालू साल डागलेलं होतं. "मी घातलेल्या प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर आहे. उद्या माझ्या मागे कुणी फसू नये."

बाहेर कालवा अडवणाऱ्या दाराच्या फटीतून पाणी झिरपत होतं, त्याचा आवाज तेवढा आत येत होता.

"कॅप्टन नव्हता," हेस्टर म्हणाली.

"काय?"

"घोडा नव्हता. खेचर होतं. त्याची नाल कुणी जपून ठेवली नसती, इतकं वाईट खेचर. मी तुला बघत होते, खोटं बांधतोस का."

एड्रियन पायरीवर बसला. "वर्षभर तुमच्या शब्दावर मी बोट बांधतोय," तो हळू म्हणाला, "आणि शब्द असा?" मग त्यानं मान वर केली. "आणखी काय काय खोटं होतं?"

"काही नाही."

"ते मी कसं मानू?"

त्याचे डोळे किलकिले झाले होते. ती नजर हेस्टरच्या ओळखीची होती. वर्षभर दर गुरुवारी ती स्वतःच चहाच्या कपावरून तशी बघत आली होती. ती तोंड चुकवायला वळली, आणि फळी निघाल्यानं उघड्या पडलेल्या लोखंडाकडे तिचं लक्ष गेलं.

पत्रा तिथं आत आला होता. झोपलेल्या वासराच्या पाठीसारखा एक पोक.

"हे काय आहे?"

"कसला तरी जुना मार. ठोकून सरळ केला असता तर पत्रा फाटला असता. म्हणून दोन्हीकडे ठोकळे लावून वरून फळी बसवली." त्याचा आवाज अजून दुखावलेलाच होता. "त्याचं काय?"

हेस्टरनं हे कधीच सांगितलं नव्हतं. लपवलं म्हणून नव्हे; ही सांगायची गोष्ट असते हेच तिच्या ध्यानात आलं नव्हतं. कालवा गोठला त्या मोठ्या हिवाळ्यात दुसऱ्या बोटीनं रेटलेला बर्फाचा तक्ता हेअरबेलच्या कुशीत घुसला, फळी फुटली, आणि बापानं ती पुन्हा कधी लावलीच नाही. त्या उघड्या लोखंडाला गुडघे लपेटून ती निजायची. ते लोखंड म्हणजेच अंथरूण, अंथरूण म्हणजेच रात्र. पलीकडून पाणी सरकत जायचं आणि आई चुलीशी गुणगुणायची:

नीज माझ्या गं बाई, पाणी चाललं कुशीला
लोखंडाच्या पल्याड, मासा निजला उशाला

ती पुढे झाली, हात उचलला, आणि मागे घेतला. नाही. हात आपलाच; त्याला हवं तेच लागेल.

"एड्रियन, बॅटरी लावू नकोस. हाताचं बोट फिरव. पोकाच्या वरच्या कडेनं रिव्हेटांची ओळ आहे. त्यातल्या एकाचं डोकं अर्धं तुटलेलं असेल. ही हेअरबेल असली तर."

तो नाखुशीनंच गुडघ्यावर आला. लाल रंगाचे थर चढलेल्या लोखंडावरून त्याचं बोट सरकत गेलं. एक डोकं, दुसरं, पुढचं. मग थांबलं.

"अर्धंच आहे," तो म्हणाला.

"धार कुठल्या बाजूला?"

"वर."

"तिथं मी रिबन अडकवायचे. आईच्या भिंतीवर टांगायच्या जाळीदार थाळ्यांत ओवून उरलेली, निळी." पण संशयाची सवय सुटेना. "तुला कुणी सांगितलं हे?"

"कोण सांगणार? मी रंगाचे तीन हात दिले त्यावर आणि मला पत्ता नाही. तुम्हीच सांगताय, आत्ता!"

वर लाकडावर बुटांचा आवाज झाला. संस्थेच्या ऑड्री विंटलबाई आल्या होत्या. उंच, कोरड्या, पावसाच्या कोटातल्या. एड्रियन हेस्टरच्या कानाशी लागला, "नालेचं कशाला काढायचं आता?"

"मी काढणार," हेस्टर म्हणाली, आणि बाई पुरत्या उतरायच्या आतच तिनं सगळं सांगून टाकलं. खोटं, घोडा, खेचर, सगळं. मग रिव्हेटाचं.

विंटलबाईंनी ऐकून घेतलं. "म्हणजे मिसेस टॉली, तुम्ही ठरवून खोटं सांगितलंत?"

"हो."

"आणि तुटलेल्या रिव्हेटाचं आज अचानक आठवलं. फळी निघाल्यावर."

"हो."

"मग ते मी खरं का मानावं?"

बाईंचे डोळेही किलकिले झाले होते. सकाळपासून पहिल्यांदाच हेस्टरला कुणीतरी मनापासून आवडलं.

"मानू नका," ती म्हणाली. "मी बाहेर जाते. तुम्ही इथं बाकड्यावर बसा आणि हात त्या पत्र्यावर ठेवा. इथलं सगळं मी तिकडून सांगते. लागलं नाही की नाही म्हणा. एड्रियन, तूही बाहेर ये. नाहीतर म्हणतील, खुणावतोय."

"आणि ही?" एड्रियननं नाल उचलली.

"ऱ्होडाला दे. म्हणावं, खेचराला घाल."

ती पाय सांभाळत वर आली आणि काठावरच्या वाटेवर बोटीकडे पाठ करून उभी राहिली. समोर हॉथॉर्नचं कुंपण पांढरं फुललेलं होतं. तिनं डोळे मिटले. गुडघे नकळत किंचित वाकले, जणू काही लपेटायचं होतं.

"अर्ध्या डोक्याच्या रिव्हेटापासून सरळ खाली या," ती मोठ्यानं म्हणाली. "पोक संपतो तिथं एक खळगा आहे. लहान पोराचा अंगठा मावेल एवढा."

आत बाकडं करकरलं.

"लागला," विंटलबाईंचा आवाज आला; कोरडाच, पण आधीपेक्षा हळू. "पुढे?"

"पुढे उजवीकडे सरका," हेस्टर म्हणाली. "हळू हं. तिथं पत्रा जरा गार लागेल."