भिमाची पटाशी

भिमाने पहिला बैल कोरला तो बनाबाईच्या खुरप्याने. धरणाचं पाणी ओसरलं की भाटघरच्या काठाला बुडीत झाडांचं लाकूड लागतं, त्यातलाच एक तुकडा त्याने उचलून आणला होता. खुरप्याची धार पार गेली, नाचणीच्या खुरपणीला तिला शेजारणीचं खुरपं मागून न्यावं लागलं, पण तिने चकार शब्द काढला नाही. आठ वर्षांचं पोर गोठ्यामागे बसून शिंगं काढतंय, वशिंड काढतंय, शेपटीचा गोंडासुद्धा विसरत नाही. तिने मनात धरलं होतं, येईल आता जवळ आणि म्हणेल, आये, हा घे.

भिमा आला, तिच्यासमोरून पुढे गेला आणि बैल थोरलीच्या हातात ठेवला.

थोरली म्हणजे अंबूबाई, कुंडलिकाची पहिली बायको. तिला मूल होईना म्हणून कुंडलिकाने बनाबाईशी दुसरं लग्न केलं आणि भिमा झाला. पण बनाबाई तरणी, हाताला वेग, म्हणून महिन्यादीडमहिन्यातच तिला पुन्हा शेत धरावं लागलं आणि पोर घरी थोरलीच्या मांडीवर वाढलं. दूध हिचं, अंगाई तिची. भिमा बनाबाईला 'आये' म्हणायचा आणि अंबूबाईला 'थोरले'. पण ठेच लागली की त्याच्या तोंडून 'थोरले' निघायचं. बनाबाईने हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी कुणाला?

अंबूबाईने बैल आपल्या कोनाड्यात पणतीशेजारी ठेवला. रोज दिवा लावताना ती पदराने त्याची पाठ पुसायची. चुलीपाशी बसलेली बनाबाई ते बघत राहायची आणि तव्यावरची भाकरी करपायची.

भिमा दुसरा बैल कोरायला बसला तेव्हा बनाबाईने आपला कोनाडा सारवून घेतला. दोन दिवस ती उगाच गोठ्याच्या बाजूने जा-ये करत होती. दुसरा बैलही थोरलीकडेच गेला.

"अगं आये, बैल जोडीनंच ऱ्हात्यात," भिमाने तिला समजावलं. "येकला चारा खात न्हाई."

खुरप्याची दशा बघून कुंडलिक हसला. "बाजाराला जाल तवा पोराला कायतरी हत्यार आना," तो दोघींना म्हणाला. "पर येकच. मला त्याचा सुतार करायचा न्हाई."

एकच. बनाबाईच्या मनाने तो शब्द घट्ट धरला. ते एक ती निवडणार होती. मग पोर जे काही कोरेल ते तिच्या हत्याराने, आणि तिच्या हत्याराने कोरलेलं तिच्याच कोनाड्यात येणार. यात चुकण्यासारखं काही तिला दिसेना.

भोरच्या बाजारात मानसिंग घिसाडी गोणपाटावर लोखंड मांडून बसला होता. खुरपी, विळे, करवती, कानशी, तासायचे वाकस. अंबूबाई खाली बसली. एकेक वस्तू उचलून बघता बघता तिने बोटभर रुंदीची एक छोटी पटाशी काढली, तिचं टोक नखावर घासून पाहिलं आणि मूठ आपल्या हातात मिटून बघितली.

"ही घे, बने. त्याच्या मुठीत मावंल. कोरायला लागतीया तेवढी हाय."

"कुनाचं पोर?" मानसिंगाने विचारलं.

"माजं," दोघी एकदमच म्हणाल्या.

मानसिंगाने एकीकडे बघितलं, मग दुसरीकडे. "बरं हाय पोराचं," तो म्हणाला. त्याची बायको घण टेकून हसायला लागली.

बनाबाईचे कान तापले. तिने हात लांब करून सगळ्यात मोठा, लखलखीत वाकस उचलला. "ह्यो द्या."

"बने, ह्यो बाप्याचा हाय. पायावर आला म्हंजे?"

"आक्का, माज्या पोराचं मनगट मला ठावं न्हाई व्हय?"

अंबूबाईने पटाशी उचलली होती तिथेच परत ठेवली. मग ती टोपली उचलून पुढे चालायला लागली. आपण जिंकलो म्हणून बनाबाई धरणाच्या काठापर्यंत खुशीत होती. पुढची वाट मात्र तिला उगाच लांब वाटली.

भिमाने वाकस दोन्ही हातांनी धरला. "आये, केवडा हाय," तो म्हणाला आणि त्याने तो खुंटीला लावला. रोज खाली काढून त्याला तेल लावायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. खंडेनवमीला नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड पूजेला मांडली, तेव्हा भिमाने आपला वाकस मधोमध ठेवला आणि त्यावर झेंडूचं फूल वाहिलं. बनाबाईने थोरलीकडे बघितलं. थोरली हळदकुंकवाची वाटी शोधत होती.

दसरा होऊन गेला आणि बनाबाई गोवऱ्या आणायला गोठ्यामागे गेली. भिमा तिथे तेच बोथट खुरपं घेऊन बसला होता. बोटाला चिंधी बांधलेली. चिंधी थोरलीच्या जुन्या हिरव्या लुगड्याची होती. तिला बघून त्याने खुरपं मांडीखाली सारलं.

"वाकस कुठाय?"

"हाय की, खुंटीला."

"मग ह्ये?"

भिमा चिंधीची गाठ चाचपायला लागला. "येका हातानं उचलत न्हाई गं. थोरली म्हनली, आयेला सांगू नगंस, तिला वाईट वाटंल."

बनाबाई गोवऱ्या न घेताच परत फिरली. बैल दिले त्याचं एक वेळ सोसलं असतं. पण पोराने आणि थोरलीने मिळून तिला सांभाळून घ्यावं, लहान मुलाला घेतात तसं, हे तिला सोसेना.

पुढच्या बाजाराला तिने भिमाला बरोबर घेतलं. "आक्का, तुमी घर बगा," एवढंच बोलून ती निघाली.

मानसिंगाने ओळखलं. भिमा गोणपाटापुढे उकिडवा बसला. त्याने करवत हातात घेऊन ठेवली, कानस फिरवून ठेवली, आणि मग कडेची बोटभर पटाशी उचलली. इतक्या दिवसांत तिला गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. भिमाने तिच्यावर मूठ मिटली. मूठ पुरती मिटली.

"ही," तो म्हणाला.

"दुसरं बग की." बनाबाईने एक जरा मोठी पुढे केली. तिच्या मनासाठी त्याने ती धरून बघितली, चांगली म्हणाला, आणि हात पुन्हा पहिलीवर गेला.

"मागल्या बारीला बी त्या बाईनं..." मानसिंग सुरू झाला.

"द्या तीच," बनाबाई मध्येच म्हणाली आणि टोपलीतली नाचणी त्याच्या सुपात ओतली.

वाटेत भिमाने विचारलं, "आये, तुला कसं कळलं गं त्याच्याकडं आसली आसंल म्हनून?"

"चल बिगीबिगी. ऊन झालं," ती म्हणाली.

घरी अंबूबाईने पटाशी हातात घेतली, टोक नखावर घासलं आणि बनाबाईकडे बघितलं. बनाबाई पाणी प्यायला वळली.

"बरी हाय," अंबूबाई म्हणाली. मग तिने खुंटीवरचा वाकस उतरवला आणि अंगणात चुलीची लाकडं फोडायला बसली. "माज्या हाताला बसतोय ह्यो," ती आतल्या दिशेने म्हणाली. त्या दिवसापासून वाकस सरपणापाशीच राहिला.

दिवाळीपर्यंत भिमाने जू केलं, गाडी केली, फिरणारी चाकं केली. बैल जुंपून बघितले तर थोरलीचा कोनाडा अपुरा पडायला लागला. भिमाने गाडी बैलांसकट उचलली आणि बनाबाईच्या कोनाड्यात आणून ठेवली.

"हितं ठिवतो, आये. तुजा कोनाडा रिकामाच हाय."

आली एकदाची. पण ती 'आये, ही तुला' म्हणून नव्हे, जागा होती म्हणून. बनाबाईने तेही घेतलं.

दिवेलागणीला अंबूबाई पणती घेऊन आपल्या कोनाड्यापाशी गेली. सवयीने तिने पदराचं टोक पुढे केलं आणि ते नुसतं भिंतीला लागलं. ती तशीच उभी राहिली. बनाबाईने कितीदा मनात हे असंच बघितलं होतं. आता प्रत्यक्ष बघताना तव्यावरची भाकरी पुन्हा करपली.

"आक्का," ती म्हणाली, "दिवा हिकडं लावा. अंधारात बैलं बुजत्याल."

तिने उठून गाडी जरा आत सरकवली आणि पणतीपुरती जागा केली. अंबूबाईने दिवा ठेवला. उजेडात बैलांची शिंगं भिंतीवर मोठी झाली. मग अंबूबाईने पुन्हा पदर उचलला.

"ऱ्हाऊ द्या," बनाबाई म्हणाली. "म्या मघाशीच पुसल्यात."