चार मिलिमीटरचं अंतर

नवी सायकल घ्यायचीच, असं ठरवून रागिणी तायडे त्या शनिवारी दुपारी अकोल्यातल्या अब्दुल रहीम चाचांच्या दुकानात गेली. पैसे बाजूला काढून ठेवले होते. नवरा ललित "घे एकदाची" म्हणून मोकळा झाला होता. आणि चिखलदऱ्याचा घाट सायकलने चढायचा बेत तीन आठवड्यांवर आला होता.

मागच्या डिसेंबरात या घाटाने तिची पार जिरवली होती. रागिणी गणिताची शिक्षिका, वय त्रेचाळीस. दर रविवारी साठ-सत्तर किलोमीटर सायकल चालवणं तिच्या अंगवळणी पडलेलं. पण धामणगाव गढी मागे पडलं, खरा चढ लागला आणि तिच्या जुन्या रेसिंग सायकलचे गिअर संपले. सगळ्यात हलक्या गिअरवरही पेडल खाली जाईना. घाटातल्या मोथा गावापर्यंतचे शेवटचे सहा किलोमीटर तिने सायकल ढकलत नेली. मैत्रीण प्राजक्ता मोथ्याला चहा घेऊन थांबली होती. तिने नुसता कप पुढे केला, आणि रागिणीला तेच जास्त लागलं.

दुकानाचे दोन भाग होते. एकीकडे चाचा चाळीस वर्षांपासून जुन्या सायकली दुरुस्त करत आलेले. दुसरीकडे काचेच्या आत त्यांचा मुलगा उसामा नव्या विकायचा. त्याने एक गडद हिरवी सायकल तिच्यासाठी बाहेर काढून ठेवली होती.

"अगोदर चालवून पाहा मॅडम, मग बोलू," तो म्हणाला.

बार्शीटाकळीच्या रस्त्याला लागल्यावर रागिणीला हसूच फुटलं. खाली वजन म्हणून काही नव्हतं. बोटाने खटका दाबला की गिअर बदलत होता, आवाजही येत नव्हता. छोटा पूल तर कधी चढून झाला ते तिला कळलंच नाही. कपाशी वेचणाऱ्या दोघीतिघी बाया मान वर करून बघत राहिल्या. ही सायकल असली तर घाट आपलाच, असं तिला वाटलं.

दहा किलोमीटरनंतर मात्र मान भरून आली. रागिणीची उंची जेमतेम पाच फूट. हँडल धरताना हात पार ताणले जात होते, आणि परत फिरताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासलं.

"कशी वाटली?" उसामाने विचारलं.

"जबर आहे. पण मले मोठी होते."

"लहान साइज मागवतो. दोन महिने लागतीन."

"घाट तीन आठवड्यांवर आहे, उसामा."

रागिणी तिथवर ज्या सायकलीवर आली होती ती चाचांनी एव्हाना स्टँडवर चढवली होती आणि मागचं चाक हाताने फिरवून पाहत होते.

"हिच्यात खराबी काय आहे, मॅडम?" त्यांनी विचारलं.

"चढावर गिअर कमी पडतात."

"अजून?"

रागिणी विचारात पडली. बारा वर्षांत त्या सायकलीवर तिची मान कधी दुखली नव्हती, हात कधी ताणले नव्हते. "अजून काही नाही," ती म्हणाली.

"मग गिअर बदलू. मागं मोठ्या दातेरी चकत्यांचं नऊ गिअरवालं चाक टाकू."

उसामाने मान हलवली. "अब्बा, ते चाक बसत नाई हिच्यात. जुनी फ्रेम आहे. चार मिलिमीटर कमी पडते." त्याने रागिणीला वाकून दाखवलं. मागचं चाक ज्या दोन टोकांमध्ये अडकतं त्यांच्यातलं अंतर एकशे सव्वीस होतं, आणि नव्या चाकाला एकशे तीस लागणार होतं.

"लोखंडाची फ्रेम आहे," चाचा म्हणाले. "वाकवता येते."

"अन् तडा गेला तं? मग ना जुनी राहीन ना नवी."

"आजवर पाच-सहा वाकवल्या मी. एक मोडली."

एक मोडली, हे त्यांनी न विचारता सांगितलं, आणि नेमका त्यामुळेच रागिणीचा त्यांच्यावर विश्वास बसला. तरी धोका होताच. मोडली तर या वर्षीही घाट नाही. पण त्या मोठ्या हिरव्या सायकलीवर मान आखडून जाण्यापेक्षा हे बरं, असं तिला मनापासून वाटलं.

"वाकवा, चाचा," ती म्हणाली. "मी इथंच थांबते."

चाचांनी आट्यांची एक लांब सळई दोन टोकांमध्ये अडकवली आणि आतून नट फिरवायला सुरुवात केली. फ्रेम हळूहळू फाकू लागली. एकशे तीसच्याही पुढे गेली, एकशे अडतीसला पोहोचली. कुठेतरी कुरकुर आवाज झाला तेव्हा उसामाने डोळे मिटून घेतले. चाचांनी सळई सैल सोडताच फ्रेम परत आली, पण एकशे सत्तावीसवर. म्हणजे एक मिलिमीटर पदरात पडला होता.

"हळूच घ्यावं लागते," ते म्हणाले.

तिसऱ्या खेपेला एकशे तीस भरले. मग त्यांनी एक दोरा पुढच्या नळीवरून मागच्या दोन्ही टोकांपर्यंत ताणून बांधला आणि पट्टी रागिणीच्या हातात दिली. "तुमी गणितवाल्या. दोन्हीकडून मोजा."

मधल्या नळीपासून दोऱ्याचं अंतर तिने दोनदा मोजलं. डावीकडे दोन मिलिमीटर जास्त निघालं. फ्रेम एकाच बाजूने वाकली होती. आता उसामाला राहवेना. तो मध्ये आला, त्याने डावी बाजू आत दाबली आणि चाचांनी उजवी तेवढीच बाहेर ओढली. रागिणी मोजत गेली. "दीड. एक. अजून थोडं. बस."

नवं चाक त्या दोन टोकांच्या खाचांत एका दमात जाऊन बसलं. उसामाने ते फिरवलं. चाक अगदी मधोमध फिरत होतं. तो बापाकडे पाहत म्हणाला, "मले शिकवलं नाई तुमी हे कधी."

"तू विचारलं कधी?"

तीन आठवड्यांनी सकाळी सातला रागिणी आणि प्राजक्ता परतवाड्याहून निघाल्या. थंडी बोटांना झोंबत होती. रस्त्यावर संत्र्यांचे क्रेट लादलेल्या गाड्या उभ्या होत्या. धामणगाव गढीनंतर चढ लागला तसा रागिणीने खटका ओढला, आणि पायाखालचा भार एकदम उतरला. पेडल फिरत राहिलं. वेग माणसाच्या चालण्याएवढा होता, पण सायकल थांबत नव्हती. मागच्या वर्षी जिथे ती उतरली होती त्या वळणावर माकडं बसली होती. त्यांच्याकडे पाहायलाही तिला सवड नव्हती. मोथ्याला प्राजक्ताने विचारलं, "थांबायचं का?" तर रागिणीने मान हलवूनच नको म्हटलं. थांबले तर परत सुरू होणार नाही, अशी भीती होती.

चिखलदऱ्याच्या पाटीजवळ तिने पहिल्यांदा पाय जमिनीवर टेकवला. दरीतलं धुकं अजून उठायचं होतं. प्राजक्ता मागून आली आणि तिच्या पाठीवर जोरात थाप मारली. दोघींना बोलायला दम नव्हता, नुसत्या हसत राहिल्या.

धाप ओसरल्यावर रागिणीने दुकानात फोन लावला.

"किती बार उतरल्या?" उसामाने विचारलं.

"एकदाही नाही."

पलीकडे तो ही बातमी बापाला ओरडून सांगत असल्याचं ऐकू आलं. मग तो परत फोनवर आला. "अन् लहान साइज? मागवू का नको?"

"नको. हीच ठीक आहे आता."

फोन चाचांनी घेतला. "चेन आवाज करून राहिली का?"

"सातव्या गिअरवर थोडी."

"एक कडी काढावी लागीन. घेऊन या."

तिने फोन खिशात टाकला. प्राजक्ता जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून उताराच्या तोंडाशी उभी होती. रागिणीने दोन्ही ब्रेक एकेकदा दाबून पाहिले आणि तिच्या पुढे निघाली.