चौथ्या तोंडाची वायर

मी बोलतोय तो एका खिळ्याला लटकून. पेणला रामवाडीत गिरजाबाईंचं घर आहे, त्याच्या मागच्या खोलीतून. नाव विचाराल तर स्प्लिटर. एक कान आणि चार तोंडं असलेली पत्र्याची चपटी डबी. कौलांवरच्या अँटेनानं पकडलेलं सगळं कानानं ऐकायचं आणि चार तोंडांनी चार टीव्हींना सांगायचं, एवढंच माझं काम. गावातल्या चुगलखोरालासुद्धा इतकी तोंडं नसतात.

मला गिरजाबाईंनी स्वतः निवडलं. त्यांचे चार मुलगे. लग्नं झाली तशा चुली वेगळ्या झाल्या आणि चार खोल्यांत चार टीव्ही आले, पण कौलांवर अँटेना एकच. बाई दुकानात आल्या तेव्हा दुकानदारानं आम्हाला ओळीनं मांडलं. दोन तोंडांचा, तीन तोंडांचा, चार तोंडांचा.

"मावशी, घरात टीव्ही किती?"

टीव्ही मोजायचं सोडून बाईंनी मुलगे मोजले. "चार पोरगे हायेत माझे," त्या म्हणाल्या, आणि मी त्यांच्या पिशवीत सुक्या बोंबलांच्या पुडीशेजारी जाऊन पडलो. तो वास पुढं कितीतरी दिवस माझ्या अंगाला होता.

मला ओटीवरच्या भिंतीला ठोकलं ते धाकट्या महिपतीनं. हसरा, हाताला हलका माणूस. वायर आवळताना शीळ घालायचा. ते दिवस मजेचे होते. चार जावा एकमेकींशी धड बोलत नसत, पण संध्याकाळी विनोदी मालिका लागली की चारही खोल्यांतून एकदम हसू यायचं. कोण कुणावर रुसलंय, हे मला त्या वेळी कळायचं नाही.

मग एका उधाणाला खाडीचा बांध फुटला. मिठागर वाचवायला बांधावर गेलेला महिपती माघारी आला नाही. गावानं खाडी पालथी घातली, पण तो सापडला नाही. त्याची बायको मैना दिवसकार्य उरकल्यावर रोह्याला माहेरी गेली. माहेरानं लग्नात दिलेला टीव्हीही तिच्याबरोबर गेला. त्यांच्या मागच्या खोलीत माझ्या चौथ्या तोंडाची वायर तेवढी मोकळी लोंबत राहिली.

आणि त्याच आठवड्यात घरातल्या चित्रांना सावली धरली.

बातम्या देणाऱ्या बाईच्या खांद्यामागं तिच्याच उंचीचं फिकट काहीतरी उभं राहायचं. तिन्ही टीव्हींवर तसंच. "दोन दोन चेंडू येतायत, त्यानं मारायचा कुठला?" म्हणून थोरला कान्हू क्रिकेट बघताना करवादायचा. त्याची बायको दिपिका मात्र दिवेलागणीला टीव्ही लावायलाच घाबरू लागली. "आये, त्या बाईच्या मागं कोन हुबा हाय गो?" तिनं एकदा विचारलं. पदर तोंडाला लावून गिरजाबाई पडद्याच्या अगदी जवळ सरकल्या.

शेवटी टीव्ही दुरुस्त करणाऱ्या शिवाला बोलावलं. तो कौलांवर चढला, उतरला, वायरींच्या मागं मागं खोल्यांतून फिरला.

"चित्राला भूत लागलंय," तो हसत म्हणाला. त्याच्या धंद्यात दुहेरी चित्राला तसंच म्हणतात. पण गिरजाबाईंचा चेहरा बघून त्याचं हसू मावळलं.

"तसं नाय, आये. सिग्नल चारीकडं जातो. तीन खोल्यांत टीव्ही हाय, तो घेतो. मागच्या खोलीत वायर मोकळी हाय, घेनारं कोन नाय. मंग तो तसाच माघारी फिरतो, नि सगल्यांच्या चित्रात मागून हुबा ऱ्हातो."

गिरजाबाई त्या वायरीजवळ गेल्या. "म्हंजे त्यो घरी येतोय," त्या म्हणाल्या, "नि घेनारं कोन नाय."

त्यांनी त्या दिवशी कुणाला वायरीला हात लावू दिला नाही.

तेव्हापासून रोज दिवे लागले की त्या मागच्या खोलीत जाऊन बसत आणि वायरीचं टोक मुठीत धरत. माणसाच्या मुठीत सिग्नल मुरत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण त्या वेळी तिन्ही पडद्यांवरची सावली जराशी हलायची, हेही मी पाहिलंय. मला भीती वाटायची आणि बाईंची दयाही यायची.

घर हळूहळू मिटत चाललं. संध्याकाळचं हसू गेलं. दिपिका माहेरी जायचं बोलू लागली. एक दिवस कान्हूनं आईसमोर हात जोडले. "आये, माज्या पोरांनी घाबरूनच जगायचं काय? मी बी तुजाच पोरगा हाय ना?"

गिरजाबाईंनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी शिवा आला.

"ह्योच स्प्लिटर ठेवायचा तर चौथ्या तोंडाला टोपन लावतो," तो म्हणाला. "आवाज बंद."

"त्याचं तोंड नको बंद करू!" बाई ओरडल्याच.

"मंग नवा बसवू. किती तोंडांचा आनू?"

बाई बोटांवर मोजू लागल्या आणि चौथं बोट त्यांनी मिटून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "तीन."

मुलग्यांचा म्हणून हा आकडा त्या घरात तोवर कुणी उच्चारला नव्हता. कान्हू आईच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडला.

आता ओटीवर माझ्या जागी तीन तोंडांचा नवा आहे. चित्र स्वच्छ येतं, बातम्या देणारी बाई एकटी दिसते, आणि परवा दोन खोल्यांतून एकदम हसू आलं. मला बाईंनी मागून घेतलं आणि इथं, महिपतीच्या खोलीत टांगलं. कानातली अँटेनाची वायर नव्याकडं गेली, पण चौथ्या तोंडाला ती वायर तशीच आहे.

बाबांनो, दुकानात कुणी विचारलं, घरात किती, तर जरा थांबून मोजा. तो आकडा पुन्हा सांगावा लागला की फार जड जातो.

दिवे लागले आहेत. बाई आल्या, वायर मुठीत धरली आणि रोजच्यासारखं हळूच मला विचारलं, "आला का रं?"

मला चार तोंडं आहेत. पण आता कानात काहीच येत नाही.